पंचवीस अक्षरांची पेटी

बेंगलोर
९ जून २००३

आक्का,

विसर म्हणायला तुझं काय जातंय? दोन पत्रं झाली, दोन्हीत तेच. हंबीरराव आता थकलेत, आण्णांनी मनावर घेतलं न्हाय, तू एकटाच कशाला उकरत बसतोस. आण्णांनी मनावर घेतलं न्हाय, तर ते चौक सोडून वड्याच्या काठाकाठानं घरला का येतात? चार वर्षांत आपल्या बापानं चौकातल्या दूध सोसायटीच्या दारात पाय ठेवलाय का? त्याचं उत्तर लिही आधी, मग मला शहाणपण शिकव.

तू त्या दिवशी गडहिंग्लजला कॉलेजात हुतीस, तू बघितलं न्हाईस, म्हणून पुन्हा सांगतो. दुधाच्या कॅनला झाकण लावणार सेक्रेटरी हंबीरराव. तार ओढून त्यावर शिशाचा शिक्का दाबणार हंबीरराव. शिक्का दाबायची पक्कड त्याच्याच कुलपात. आण्णांचं काम काय, तर बंद कॅन गाडीत चढवायचे आणि नेसरीच्या स्टँडवर टँकरला द्यायचे. मग दुधात पाणी निघालं तर ते बंद झाकणातनं आण्णांनी घातलं कसं? एवढं साधं गणित, मला आठवी नापासाला कळतंय, आणि अख्ख्या चिंचमाळात कुणाला कळलं न्हाय. परत आलेलं दूध हंबीररावानं सोसायटीच्या दारात वतलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, ह्या वस्तीतल्या माणसाच्या हातात कॅन दिला, तिथंच चुकलो. आण्णा हात जोडून उभे. मी धावून गेलतो तर चौघांनी मलाच धरलं. दूध गटारीला गेलं, आणि आण्णांचं नाव पाणीवाला आण्णा पडलं ते पडलं.

तुला वाटतंय मी हिथं मजेत हाय म्हणून मला जुनं सुचतंय. तसं न्हाय. हिथं पाच ठिकाणी काम धरलं आणि सोडलं. एका जागी बूड टिकत न्हाय, हे तू म्हणतीस ते खरं हाय. पण ह्या सहाव्या जागी आठ महिने झाले टिकलोय आणि त्याला कारण हाय. ही कंपनी दूध मोजायची मशीन करते. दूध वतलं की वजन, फॅट, दर सगळं आपोआप निघतं आणि पावती छापून येते. माझं काम म्हणजे मशीनच्या चिपमध्ये प्रोग्राम भरायचा, मशीन चालू करून तपासायचं आणि ज्या सोसायटीला जायचं हाय तिची माहिती आत घालायची. आत भरलेल्या त्या प्रोग्रामला हिथं फर्मवेअर म्हणतात. एकदा भरला की मशीन बंद केलं तरी पुसत न्हाय.

काल नवीन ऑर्डरींचे कागद आले. चौथा कागद बघितला आणि चहा बाजूला ठेवून पुन्हा वाचला. दूध सोसायटी, मु. चिंचमाळ, नेसरीजवळ. खाली सही हंबीररावाची.

आक्का, त्याचं मशीन माझ्या हाताखालनं जाणार हाय. कुणाला बोलू नको. आण्णांना तर अजिबात न्हाय.

तू आता काय करतीस ते दोन पत्रांत विचारलं, तू सांगितलं न्हाईस. ते पण लिही.

जित्या

•

चिंचमाळ
२६ जून २००३

प्रिय जित्या,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र पोस्टमननं वाटेतच दिलं, म्हणून आण्णांच्या हाती लागलं नाही. नाहीतर आण्णा ते कुणाकडून तरी वाचून घेणार, आणि वाचणारा पुढच्या अर्ध्या तासात गावभर सांगणार.

चौकातून का जात नाहीत, याचं उत्तर मला माहीत आहे. तुला जितकं माहीत आहे तितकंच. फरक एवढाच की तू बेंगलोरात बसून ते लिहितोस आणि मी रोज बघते. परवा पिठाच्या गिरणीत एका शेंबड्यानं आण्णांना विचारलं, आण्णा, आज किती लिटर पाणी? आण्णा हसले. त्या हसण्याचं काय करायचं ते तू मला लिहून कळव.

पण म्हणून तू मशीनमध्ये काही करू नकोस. तुला काय करायचं आहे ते तू लिहिलं नाहीस, पण तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू आधी दगड मारतोस आणि मग कुठं लागला ते बघतोस. मशीन मोडून पाठवलंस तर नुकसान हंबीररावांचं नाही, सभासदांचं होईल. दोन म्हशींवर घर चालवणारी धोंडुबाई त्याच सोसायटीत दूध घालते. तिनं तुझं काय वाकडं केलं?

हंबीरराव मशीनच्या नावानं हल्ली फार फुगलेत. म्हणतात, आता सगळा कारभार आरशासारखा. कोल्हापूरला जाऊन स्वतः बघून आले, ऑर्डर स्वतः दिली, संस्थेची माहिती स्वतः लिहून दिली, असं येईल त्याला सांगतात.

मला काम मिळालं आहे. बैठं काम आहे, लिहायचं. भेटलास की सांगेन. घरातलं भागतं, तू पैशाची काळजी करू नकोस. आईचा गुडघा बरा आहे.

ऐक माझं, जित्या.

आक्काताई

•

बेंगलोर
२१ जुलै २००३

आक्का,

मशीन मोडलं न्हाय. तू काळजी करू नको. मशीन एकदम झकास चालतंय, धोंडुबाईला एक थेंब कमी पडणार न्हाय. मी जे केलंय ते मोडण्यापेक्षा चांगलं हाय. बसून वाच.

मशीनमध्ये सेटअपचा फॉर्म असतोय. चालू करताना एक बटण दाबून धरलं की बारक्या पडद्यावर येतोय. त्यात पेट्या असतात. संस्थेचा नंबर, दुधाचा दर, तारीख, वेळ. सगळ्या आकड्यांच्या पेट्या. अक्षर घालायची सोयच नव्हती. मी एवढे दिवस बघत हुतो आणि मनात यायचं की ह्यात एक पेटी अक्षरांची असती, तर पावतीवर आपल्याला पायजे ते छापता आलं असतं.

तर मी मॅडमच्या मागं लागलो. ह्या मॅडम हिथल्या इंजिनिअर, धारवाडकडच्या, प्रोग्राम त्याच लिहितात. मी म्हणालो, मॅडम, आमच्याकडच्या सोसायट्या पावतीखाली एक ओळ मागतात, धन्यवाद वगैरे. कुणी मागितली नव्हती. त्यांनी पंधरा दिवस आज करते उद्या करते केलं आणि एक दिवस पेटी केली. मला शेजारी बसवून दाखवली. प्रत्येक पेटीला प्रोग्रामात सांगावं लागतंय की पडद्यावर तिचं नाव काय दिसणार, कमीत कमी किती अक्षरं, जास्तीत जास्त किती आणि भरलेली अक्षरं आत ठेवायची कुठं. त्यांनी कमीत कमी दोन टाकली आणि जास्तीत जास्त पंचवीस, कारण पावतीच्या रुंदीत तेवढीच बसतात. अक्षरं मोबाईलसारखी घालायची, एकच बटण चार-चारदा दाबून. बोट दुखतंय, पण जमतंय. मॅडमनी धन्यवाद भरून पावती काढली. बरोबर छापलं. त्या खूश, मी त्यांच्याहून खूश.

मग मी आठ दिवस वाक्य जुळवलं. कामावर, जेवताना, बसमध्ये, बोटावर मोजत. पंचवीसच्या आत बसायला पायजे आणि अर्थ पण राहायला पायजे. एकात चोर शब्द हुता, पण मग आण्णांचं नाव बसंना. आण्णांचं नाव पायजेच. शेवटी जमलं:

दुधात पाणी आण्णांनी घातलं नव्हतं हंबीररावानं

मोज तूच. दुधात तीन, पाणी दोन, आण्णांनी तीन, घातलं तीन, नव्हतं तीन, हंबीररावानं सहा. वीस झाली. मधल्या मोकळ्या जागा पाच. पंचवीस. शाळेत काय शिकलो न्हाय, पण अक्षर मोजायला गुरुजींनी छडी मारून शिकवलंय ते पक्कं बसलंय.

मशीन खोक्यात घालायच्या आधी पाच मिनिटं मिळाली तेव्हा भरलं. छापून बघता आलं न्हाय, कागदाचा रोळ आधीच काढून ठेवला हुता आणि मॅडम पलीकडं उभ्या. पण पडद्यावर वाक्य सगळं सरकत गेलं, मी डोळ्यानं वाचलं. मग फॉर्मला चार आकड्यांचं कुलूप घातलं. कंपनीचा नेहमीचा आकडा काढून टाकला, माझा घातला. आता हंबीररावाला ते पुसता येणार न्हाय, मेकॅनिक बोलावला तरी न्हाय.

रोज सकाळ-संध्याकाळ, दूध घालणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात, त्याच्याच सोसायटीची पावती. एकदा वतलेलं दूध लोकांनी एकदाच बघितलं. हे रोज बघतील. त्यानं काम सोडावं, चौक सोडावा, वड्याच्या अंगानं घरला यावं. मला तेवढंच पायजे.

मशीन गेलंय. पंधरा ऑगस्टला नारळ फोडणार असं त्यांच्या पत्रात हुतं. त्या दिवशी तू सोसायटीत जा आणि त्याचं तोंड बघून मला लिही. एक पण गोष्ट सोडू नको.

जित्या

•

चिंचमाळ
१७ ऑगस्ट २००३

जित्या,

सोसायटीत जा म्हणून लिहिलं होतंस. मी तिथंच होते. मे महिन्यापासून मी तिथंच कामाला आहे. मशीन येणार, ते चालवायला शिकलेलं माणूस पाहिजे, पगार कमी, म्हणून कुणी येईना. मी अर्ज केला. हंबीररावांनी मला ठेवून घेतलं ते उपकार दाखवायला. पाणीवाल्याच्या पोरीलाही मी नोकरी देतो, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. आणि मी का गेले? शिक्क्याची पक्कड ज्या कपाटात असते त्या कपाटाच्या शेजारी बसायला मिळतं म्हणून. एक ना एक दिवस काहीतरी दिसेल, कुणीतरी बोलेल, असं वाटायचं. तुला सांगितलं नाही, कारण तू शिव्या घातल्या असत्यास.

तुझं वाक्य वाचलं आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ते छापणारं मशीन माझ्या हाताखाली, म्हणजे पहिलं नाव माझंच येणार. तुला तार करावी असं वाटलं, पण तोवर मशीन निघालं होतं. मग एका रात्रीत मनाशी ठरवलं की छापू दे. नोकरी गेली तर गेली. खरं सांगायचं तर मलाही ते छापून यायला हवं होतं. मी वाट बघत होते.

पंधरा तारखेला झेंडा झाला, नारळ झाला, पेढे झाले. पहिलं दूध धोंडुबाईचं घेतलं. पावती बाहेर आली. वजन, फॅट, दर, रक्कम. आणि खाली:

दुधात पाणी आण्णांनी घातलं

एवढंच. पुढं कोरा कागद. पुढचं वाक्य मला पाठ होतं, जित्या, पण ते कागदावर नव्हतं. मी दुसरी पावती काढली. तिसरी काढली. तेच.

हंबीररावांनी पावती हातात घेतली, चष्मा वर केला, आधी त्यांनाही कळेना. मग हसायला लागले. मला म्हणाले, "मोठ्यानं वाच, आक्काताई, मागच्यांना ऐकू येऊ दे." सत्तर-ऐंशी माणसं उभी होती. मी वाचलं. आपल्या बापाचं नाव घेऊन मी ते मोठ्यानं वाचलं.

म्हणाले, बघा, आता मशीनलापण ठाऊक झालंय. कंपनीतनंच आलंय, आपण कशाला पुसा. मी सेटअप उघडून बघितला, कुलूप. कंपनीनं दिलेला आकडा चालत नाही. ते तुझं कुलूप. दोन दिवस झाले, सकाळ-संध्याकाळ दोनशे पावत्या माझ्या हातून जातायत.

आण्णांना गिरणीवाल्यानं वाचून दाखवलं. घरी येऊन पायताण न काढताच उंबऱ्यावर टेकले. मला वाटलं, आता उठून कुठंतरी निघून जातील. मग मला विचारलं, "मशीन बेंगलोरचं. मग त्याला माझं नाव ठाऊक कसं?"

त्यांना तू कुठल्या कंपनीत आहेस ते माहीत नाही. मी म्हणाले, कुणीतरी भरलं असेल. ते म्हणाले, व्हय, कुणीतरी भरल्याबिगर येत न्हाय. आणि कांबळं घेऊन अंगणात जाऊन झोपले.

तू काय केलंस ते तूच बघ आता.

आक्काताई

•

बेंगलोर
२६ ऑगस्ट २००३

आक्का,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मशीनच्या टेबलावर डोकं आपटून घेतलं. खरंच आपटलं, टेंगूळ हाय.

मॅडमना विचारलं, पेटीत पंचवीस म्हणजे पंचवीस न्हायत काय? दुसरंच वाक्य घालून विचारलं, खरं सांगितलं न्हाय. त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. आपण पा म्हणतो ते एक अक्षर. मशीनला ती दोन. प वेगळा, काना वेगळा. वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षर असलं तर मधला पाय मोडलेला पण वेगळा. आण्णांनी हे आपल्याला तीन आणि मशीनला आठ. टाईप करताना पडद्यावर सगळं दिसतंय, पण आत ठेवताना पंचवीस झाली की पुढचं टाकून देतंय. मॅडम म्हणाल्या, ही माझ्या प्रोग्रामातली चूक हाय, दुरुस्त करते. मी मोजलं. घातलं ह्या शब्दाच्या अनुस्वारावर बरोबर पंचवीस भरतात. एक कमी न्हाय, एक जास्त न्हाय. हंबीररावानं स्वतः बसून कापलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

आणि तू त्याच्या हाताखाली काम करतीस. तो मोठ्यानं वाच म्हणाला आणि तू वाचलंस. पावती फाडून त्याच्या तोंडावर फेकायला काय झालं हुतं? राहू दे. मी हिथनं बोलतोय, मला काय.

कुलपाचा आकडा १९५६. तुला सुचायला पायजे हुता.

आता काना-मात्रा धरून मोजलंय, जागा धरून बावीस हुतात, मॅडमच्या मशीनवर छापून पण बघितलंय:

पाणी हंबीररावानं घातलं

पत्र मिळेल त्या दिवशी संध्याकाळच्या दुधाच्या आधी बदल. सगळे उभे असताना पहिली पावती हंबीररावाच्या हातात दे आणि म्हण, मालक, मोठ्यानं वाचा.

जित्या

•

चिंचमाळ
१५ सप्टेंबर २००३

प्रिय जित्या,

सप्रेम जयभीम. आकडा मिळाला. तुझं बावीसचं वाक्य मी घातलं नाही. रागावू नकोस, आधी पुढचं वाच, कारण तुझं पत्र पोचेपर्यंत इथं गाडी भलत्याच रस्त्याला लागली होती.

आण्णांनी मला विचारलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी गिरणीत विचारला. मशीनला माझं नाव ठाऊक कसं? तिसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात विचारला. भांडून नाही, अगदी साधेपणानं, जसा एस.टी.चा टायमिंग विचारावा तसा. लोक आधी हसले, मग त्यांनाही तो प्रश्न पडला. मशीनची ऑर्डर कुणी दिली? माहिती कुणी लिहून दिली? हंबीरराव तर महिनाभर छाती काढून तेच सांगत होते.

त्यात दुसरी गोष्ट अशी झाली की पावती काही गावातच राहत नाही. कुणी बँकेत दाखवली, कुणाच्या पावण्यांनी बघितली. गडहिंग्लजच्या बाजारात आपल्या गावाची माणसं दिसली की लोक विचारायला लागले, काय पावणं, चिंचमाळचं दूध चहाला चालतंय की पाणी म्हणून प्यायला? आण्णांचं नाव वाचायची कुणाला गरज नव्हती, दुधात पाणी एवढंच सगळे वाचत होते. मग मात्र सभासद तापले. आमच्या पावतीवर पाणी का, असं म्हणत रोज कुणीतरी दारात उभं. हंबीररावांचं हसू गेलं. मला म्हणाले, पूस ते. मी म्हणाले, कुलूप आहे, आकडा कंपनीकडं. तेव्हा तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं. तुला वाटेल मी घाबरले. नाही. मला बघायचं होतं. त्यांनी पावती जोडून कंपनीला तक्रार पाठवली आणि नाइलाजानं सात तारखेला सभा बोलावली.

आण्णा आले. बोलावलं नव्हतं, सभासदही नाहीत, पण येऊन दाराजवळ बसले. कुणी उठ म्हणालं नाही.

हंबीररावांनी कंपनीच्या नावानं बरंच सांगितलं. कुणी ऐकेना. शेवटी धोंडुबाई उठली. पदर खोचला आणि म्हणाली, "चार वर्सं झाली तरी आण्णाचं नाव तुमच्या पोटातनं जाईना, म्हणून मशिनीत घातलासा व्हय?"

हंबीरराव आधीच लालबुंद झाले होते. टेबलावर हात आपटून म्हणाले, "मी कशाला घालू आण्णाचं नाव? त्यो बिचारा त्यात नव्हताच!"

जित्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही काय बोललो ते. बाकी सगळ्यांना कळलं. धोंडुबाई अजून उभीच होती. ती हळू आवाजात म्हणाली, "मग कोण हुतं?"

ते म्हणायला लागले, मी मशीनचं म्हणतोय, पाण्याचं नाही. पण आता मागून कुणीतरी झाकणाचं विचारलं, कुणी शिक्क्याचं, कुणी पक्कड कुणाच्या कुलपात असते त्याचं. तू जे चार वर्षं पत्रातून ओरडत होतास ते सगळं त्या दहा मिनिटांत माणसं एकमेकांना विचारत होती. जणू कालच घडलंय. चेअरमननी हंबीररावांना कपाटाच्या चाव्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. त्यांनी ठेवल्या. माझ्याकडं बघितलं. त्या पावतीचं पाप त्यांचं नव्हतं हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही. उघडावं असं वाटलंही नाही.

मग चहा आला. आण्णांनी दोन कप घेतले. दुसरा हंबीररावांच्या वाट्याचा होता.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप उघडलं. पेटी रिकामी ठेवणार होते, पण ती रिकामी घेत नाही, कमीत कमी दोन अक्षरं मागते. तुझं वाक्य घालायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. आण्णांना विचारलं काय लिहू. म्हणाले, पावती दुधाची हाय, दूध लिही. आता पावतीखाली नुसतं दूध छापून येतं.

मी नोकरी सोडलेली नाही. पक्कड सध्या माझ्याकडं आहे.

धोंडुबाई आपल्या म्हशीची एक वगार अर्ध्या वाट्यानं आण्णांना सांभाळायला देते म्हणाली. दिवाळीच्या आत आणू. आण्णा आत्तापासूनच गोठा लिंपायला लागलेत.

तू आलास तर बरं वाटेल.

आक्काताई

•

बेंगलोर
४ ऑक्टोबर २००३

आक्का,

तू ते वाक्य घालायला पायजे हुतंस. तरी म्हणशील पडला की तो, आणखी काय पायजे. पण तो स्वतःच्या तोंडानं पडला, माझ्या हातानं न्हाय. मी चार वर्षं हात राखून ठेवला हुता. आणि तू त्याचं तोंड कसं झालं ते एका ओळीत लिहिलंस. लालबुंद म्हणजे किती? चाव्या ठेवताना हात कापत हुता का? घरला कुठल्या वाटेनं गेला? हे विचारलेलं सगळं लिहून पाठव. मी हिथं उपाशी बसलोय आणि तू मला नुसता वास दाखवतीस.

त्याची तक्रार हिथं पोचली. पावती टाचणीनं लावलेली. मालकानं मॅडमना बोलावलं, कारण पेटी त्यांनी केलेली. मालक आवाज चढवून बोलत हुता, कंपनीचं नाव गेलं, ह्या महिन्याचा पगार कापतो म्हणाला. मॅडम खाली बघून उभ्या. मग मी आत गेलो आणि म्हणालो, पेटी त्यांची, वाक्य माझं. मालकानं विचारलं, हे असलं का लिहिलंस? मी म्हणालो, असलं लिहिलं न्हाय, ह्याच्या पुढं आणखी हुतं, ते तुमच्या मशीननं खाल्लं. मॅडमना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. नंतर दारात मला एवढंच म्हणाल्या, छापून बघायला हवं होतंस. ते मला पण आता कळलंय.

मालक सोसायटीला पत्र लिहिणार हुता की आमच्या कामगारानं केलं, सेक्रेटरींचा दोष न्हाय. मी त्याला सांगितलं, तसं लिहिलंसा तर पेटीत पंचवीस म्हणून चौदाच मावतात हे मी तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना लिहून कळवीन, पत्ते मला पाठ हायत. मग त्यानं चूक दुरुस्त झाली एवढंच लिहिलं आणि मला काढून टाकलं. तर हंबीररावाला सुटकेचा कागद मिळणार न्हाय. तेवढं तरी माझ्या हातानं झालं.

मी सध्या एका गोडाऊनात पोती उतरवतोय. तिथं पण मन लागंना. दिवाळीला येतो का न्हाय ते सांगता येत न्हाय, आलो तर हंबीररावाच्या दारावरनंच येणार.

आण्णांना सांग, वगार आली की सकाळी चरायला नेताना आणि संध्याकाळी परत आणताना हंबीररावाच्या घरासमोरनंच न्यायची. वड्याची वाट बंद. घाई करायची न्हाय, तिला तिथं थांबावंसं वाटलं तर थांबू द्यायचं. आणि गळ्यात नुसता दोरा बांधू नको. गडहिंग्लजच्या बाजारात पितळेची घंटा मिळते, तिथली सगळ्यात मोठी घे. दार लावून, डोक्यावरनं पांघरूण घेऊन झोपला तरी त्याला ऐकू गेली पायजे. मालकानं हिशेब करून दिलं त्यातनं खोलीचं भाडं गेलं, राहिलेलं सगळं त्या घंटेसाठी मनिऑर्डरनं पाठवतोय, दोनशे दहा रुपये.